राजहंसमधला खोकला

चाकणच्या संशोधन केंद्रातल्या मूकदालनात शिरलेल्या माणसाला पहिल्यांदा स्वतःचंच पोट ऐकू येतं. भिंतींवर, छताला, जाळीच्या जमिनीखालीसुद्धा फेसाच्या टोकदार पाचरी बसवलेल्या. टाळी वाजवली तर ती जागच्या जागी जिरते. रंगराव इंगवल्यांनी आत पाऊल टाकलं आणि हॉटेलात खाल्लेल्या उपम्याचं पुढे काय चाललंय ते त्यांना सविस्तर कळलं. एरवी ते हसले असते. आज त्यांना हसू येत नव्हतं.

दालनाच्या मधोमध, चाकं जागीच फिरवणाऱ्या रोलरवर त्यांची राजहंस उभी होती. काळीभोर, लांबलचक, विजेवर चालणारी आणि ‘देशातली सर्वांत शांत’ म्हणून विकलेली गाडी. रंगरावांची हयात कोल्हापूरजवळ, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, स्वतःच्या फाउंड्रीत गेली होती. भट्टीची घरघर, साचे फोडणाऱ्या हातोड्यांचा दणदणाट, कॉम्प्रेसरची शिट्टी. साठी उलटल्यावर त्यांनी ही गाडी घेतली ती दिवसातून घटकाभर शांत बसता यावं म्हणून. थोडी मिरवायलाही घेतली होती, खोटं कशाला बोला.

आणि आता त्याच गाडीत आवाज येत होता.

सकाळी गाडी निघाली, एसी सुरू झाला, की थोड्या वेळाने कुणीतरी खोकायचं. कोरडा, छातीच्या तळातून ओढून काढलेला खोकला. नवा ड्रायव्हर तर ठणठणीत होता. सर्व्हिस सेंटरने गाडी दोनदा ठेवून घेतली आणि दोनदा ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत धाडली. थोरला मुलगा हर्षद रोज शेजारच्या सीटवर बसून फाउंड्रीत यायचा. त्याला काही ऐकू आलं नाही. मग तो मुद्दाम वडिलांच्या जागेवर बसला. तरीही नाही.

खोकल्यानंतर काय यायचं ते रंगरावांनी तक्रारीत घातलं नव्हतं. बायकोलाही सांगितलं नव्हतं. खोकल्यानंतर भैरूचा आवाज यायचा, “साहेब, एक बोलायचं होतं.”

भैरू म्हणजे त्यांचा जुना ड्रायव्हर. तो दिवाळीच्या आधी फुप्फुसाच्या दुखण्याने गेला होता आणि रंगराव स्वतः त्याच्या मातीला जाऊन आले होते. तरुणपणी भैरू मोल्डिंग खात्यात दिवसभर वाळूच्या धुळीत साचे भरायचा. दम लागायला लागला तेव्हा रंगरावांनीच त्याला गाडीवर घेतलं, आणि या उपकाराची आठवण ते स्वतःच अधूनमधून काढत.

घरात कुजबुज सुरू झाली होती. आबा हल्ली बोललेलं ऐकून न ऐकल्यासारखं करतात, आणि नसलेलं मात्र ऐकतात. कान तपासून झाले. ते शाबूत निघाले. म्हणजे उरलं डोकं. शेवटी हर्षदने तोंडावर सांगितलं, “आबा, गाडीत काही निघालं तर मी सगळ्यांसमोर माफी मागतो. नाही निघालं, तर फाउंड्रीचा कारभार माझ्याकडं द्यायचा. लोकांची पोटं हाईत त्यावर.” रंगरावांनी हो म्हटलं. तेव्हापासून हा माणूस आपल्याच महागड्या गाडीत खोट निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसला होता.

कंपनीच्या हमी विभागाचे पारसनीस हसतमुख होते. नाही म्हणायचंच काम असलेली माणसं बहुधा असतात.

“हे बघा इंगवले साहेब, हमी दोषाची असते. भासाची नसते.”

“भास हाय का दोष हाय ते ठरवायलाच आलोय न्हवं,” रंगराव म्हणाले.

ध्वनिशास्त्रज्ञ डॉक्टर निवेदिता सबनीस गाडीच्या मागच्या दारातून डोकं आत घालून काहीतरी बसवत होत्या. त्या बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, “यंत्रणा कशी चालते, हे यांना कुणी सांगितलंय का?”

“माहितीपुस्तिकेत सगळं आहे,” पारसनीस म्हणाले.

“म्हणजे नाही सांगितलेलं.” त्या रंगरावांकडे वळल्या. “आवाज म्हणजे हवेतली लाट. हवा दाबली जाते, सैल होते, पुन्हा दाबली जाते. तुमच्या डोक्यामागच्या उशीत बारीक स्पीकर आहेत. बाहेरून लाट आली की ते बरोबर उलटी लाट सोडतात. हिच्या उंचवट्यावर तिचा खड्डा. दोन्ही मिळून हवा सपाट. त्या उलट्या लाटेला आम्ही प्रतिनाद म्हणतो.”

“मग माझ्या पोराला का येत न्हाई ऐकू?”

“कारण हा मेळ फक्त तुमच्या कानांपाशी जमवलाय. परातीएवढी जागा असते. मौनवलय. यंत्रणा तुमचा चेहरा ओळखते आणि तुमच्यापुरतंच चालते. दुसरं कुणी तिथे बसलं तर ती गप्प राहते.”

पारसनिसांच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं आक्रसलं. सर्व्हिस सेंटरच्या दोन्ही तपासण्या कुणीतरी दुसऱ्यानेच त्या सीटवर बसून केल्या होत्या.

रंगराव आपल्या जागेवर बसले. त्यांच्या कानांजवळ तांदळाच्या दाण्याएवढे दोन मायक्रोफोन चिकटवले गेले. हर्षद आणि पारसनीस बाहेर नियंत्रण कक्षात थांबले, डॉक्टर सबनीस पुढे बसल्या. मग रोलर फिरू लागले, काचांबाहेरच्या पडद्यांवर कोल्हापूरची सकाळ उमटली आणि आपण रोजच्या वाटेला लागलो अशी गाडीची समजूत झाली. एसी सुरू झाला.

खोकला आला. एक उबळ, मग दुसरी, मग श्वास गोळा करायला लागणारा वेळ. मग भैरू म्हणाला, “साहेब, एक बोलायचं होतं.”

रंगरावांनी डोळे मिटून घेतले. बाहेरून धावत येणारी पावलं या दालनात ऐकू येत नाहीत, त्यामुळे दार उघडलं तेव्हा ते दचकले. आत आलेल्या हर्षदचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि मागोमाग पारसनीसही आले.

“आबा, हा भैरूकाकाचा आवाज आहे. मायक्रोफोनमध्ये आला. मी ऐकला.”

“मग?” रंगराव ओरडलेच. “मी खुळा न्हाई न्हवं?”

त्यांना कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. मुलाला मिठी मारावी, त्या शास्त्रज्ञ बाईंना पेढे द्यावेत, आणि त्या हसऱ्या माणसाला चार गोष्टी सुनवाव्यात, असं सगळं एकदम मनात आलं. सुनवण्यापासून त्यांनी सुरुवात केली. “घ्या! निघाली का खोट? गाडी बदलून द्या आता.”

“खोट नाही,” डॉक्टर सबनीस म्हणाल्या. “हा खोकला नाहीच. खोकल्याचा प्रतिनाद आहे.”

“बोलल्यासारखं बोला म्याडम, कोड्यात नको.”

“टायरची घरघर सलग असते, ती ऐकता ऐकता पुसता येते. खोकला अचानक येतो. त्यामुळे यंत्रणा वाट बघत नाही, आधीच अंदाज बांधते. एसीची गार हवा सुटली की पुढच्या सीटवरून खोकला येणार, हे ती शिकली होती. तो खोकायचा त्याच क्षणी ती उलटा खोकला सोडायची आणि तुमच्या कानांपाशी काहीच उरायचं नाही. आता तो नाही. खोकला येत नाही, पण उलटा खोकला येतो. आणि उलटी लाट एकटी आली तर कानाला ती सुलटीसारखीच लागते. यंत्रणा हळूहळू विसरेल. तिला शिकायला कमी दिवस लागतात, विसरायला जास्त.”

पारसनिसांनी मोठा श्वास सोडला. “म्हणजे यंत्रणा बिनचूक चालतेय तर!”

“दुर्दैवाने, हो.”

साच्यात धातूचा रस ओतल्यावर कुठे हवेचा फुगा राहिला असेल ते शोधायची रंगरावांची जन्माची सवय होती.

“पण भैरू माझ्या गाडीत कवा खोकलाच न्हाई. लई शिस्तीचा गडी. एवढा आजारी होता ते मला तो दवाखान्यात पडल्यावर कळलं.”

“तो रोज खोकत होता. गाडीच्या स्मृतीत नोंद आहे.”

“मग खोकला म्हंजे गोंगाट, हे यंत्राला कुणी सांगितलं? टायर ठीक हाय. माणसाचा खोकला पुसून टाक म्हणून कुणी शिकवलं त्याला?”

याचं उत्तर पारसनिसांना माहीत होतं. जाहिरातीत ते अगदी ठळक अक्षरांत छापलेलं होतं. पण ते फेसाच्या पाचरींकडे बघत राहिले. उत्तर डॉक्टर सबनीसांनी दिलं.

“तुम्ही.”

“मी?”

“आधीच्या गाड्यांत आम्हीच ठरवायचो, काय पुसायचं आणि काय ठेवायचं. लोकांच्या तक्रारी यायच्या. कुणाला हॉर्न हवा असायचा, कुणाला गाणं नको असायचं. मग ठरलं की मालकालाच ठरवू द्यायचं, तेही बटण न दाबता. समोरचा कॅमेरा तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. आवाज आल्यावर तुम्ही मान वळवलीत, उत्तर दिलंत, नुसती भुवई हलली, तरी तो आवाज कामाचा. पुन्हा पुन्हा येऊनही काहीच हललं नाही, तर तो गोंगाट.” पुढचं बोलायची त्यांना इच्छा नव्हती, पण विचारलेल्याला अर्धं उत्तर देणं त्यांना जमत नसे. “तुम्ही तो खोकला ऐकलात, इंगवले साहेब. सुरुवातीला ऐकल्याशिवाय गाडी तो शिकलीच नसती.”

“आणि ते... एक बोलायचं होतं म्हणणं? ते बी?”

“तेही. रोज त्याच सुरात, तेच शब्द.”

रंगरावांनी आठवून बघितलं. नवी गाडी, मऊ उशी, हातात मोबाईल, पुढच्या सीटवर कुणीतरी काहीतरी. त्याहून जास्त काही आठवेना, आणि न आठवण्याचीच त्यांना लाज वाटली. शहाणपणाचा दाखला घ्यायला ते इतक्या लांब आले होते. तो मिळाला होता.

“त्याला काय बोलायचं हुतं कुणास ठाऊक,” ते म्हणाले.

हर्षदने चमकून वर बघितलं. “कुणास ठाऊक काय, आबा? तुम्ही दाद देईनात म्हणून त्यानं ते मला सांगितलं. मी तुम्हाला सांगितलंय की. एकदा न्हाई, कितीदा.”

“कवा?”

“गाडीतच. घरात पाव्हणे असतात, फाउंड्रीत माणसं असतात. तुम्ही निवांत सापडता ते गाडीत. हायवे सोडून वसाहतीकडं वळलो की मी रोज तेवढं एकच काढतो. बाकी सगळ्याला उत्तर देता, त्याला तेवढं देत न्हाई. शेवटी वाटलं, तुम्हाला द्यायचंच नसंल. म्हणून तर कारभार मागितला.”

“पहिल्यांदा सांगितलंस तवा मी काय म्हणालो?”

“मोबाईल बघत होता.”

डॉक्टर सबनीसांनी पारसनिसांकडे बघितलं. मग त्यांनी हर्षदला वडिलांच्या शेजारच्या सीटवर बसायला सांगितलं, पडद्यांवरचा रस्ता वसाहतीच्या वळणापर्यंत पुढे नेला आणि म्हणाल्या, “रोज जसं बोलता तसंच बोला. शब्द बदलू नका.”

गाडी वळली. हर्षदने गळा साफ केला. तेवढं ऐकू आलं. मग तो वडिलांकडे वळून बोलू लागला.

त्याचे ओठ हलत होते. ओठ हलताना हनुवटी हलत होती, गळ्याची शीर फुगत होती. तो काही हळू बोलत नव्हता. रंगरावांना काहीही ऐकू आलं नाही. एसीची हवा नाही, रोलर नाही, मुलगा नाही. त्यांनी पैसे मोजून घेतलेली शांतता अगदी जशी सांगितली होती तशी होती. वीतभर अंतरावर आपलं पोर तोंड उघडतंय आणि मिटतंय, हे ते बघत राहिले. बोलून झाल्यावर हर्षद नेहमीसारखा थोडा वेळ उत्तराची वाट बघत थांबला, आणि मग त्याने नजर खाली केली. ती नजर सवयीने खाली गेली होती.

रंगरावांनी मान पुढे घेतली. डोकं उशीपासून सुटलं आणि रोलरची घरघर, गार हवेचा फुसफुसाट, मुलाचा श्वास असं सगळं एकदम कानांवर आलं. त्यांनी हर्षदचं मनगट धरलं.

“आता बोल.”

“आबा,” हर्षद म्हणाला, “मोल्डिंगातली आणखी चौघं भैरूकाकासारखी खोकायला लागल्यात. त्यांचंच त्याला बोलायचं होतं.”