सुजूदची बारा मिनिटं

नाब्लुस शहरात, साबणाच्या एका जुन्या कारखान्याच्या माडीवर ‘आमची खिडकी’ ही दूरचित्रवाणी वाहिनी चालते. चालवणारी सगळी पोरंच. त्यातली सगळ्यात थोरली रनीन, बावीस वर्षांची. त्या दुपारी ती निवेदिकेच्या खुर्चीत बसून डोळे पुसत होती आणि यंत्रं सांभाळणारा बहा टाळ्या वाजवत होता. गाझातली सोळा वर्षांची सुजूद सलग बारा मिनिटं बोलली होती आणि चित्र एकदासुद्धा अडकलं नव्हतं! अंगणातल्या लिंबाच्या झाडाबद्दल, पुन्हा उघडलेल्या शाळेबद्दल काय सुरेख बोलली पोरगी.

तेवढ्यात रनीनचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर घेतला.

“रनीन, रागावू नकोस हं,” सुजूदला धाप लागली होती. “दुसऱ्याच मिनिटाला लाइन गेली. रेंज शोधत गच्चीवर आलेय. आता मला परत कधी बोलू देशील?”

रनीनने बहाकडे पाहिलं. बहाचे हात टाळीतच थांबले.

“सांधणी...” तो पुटपुटला.

सांधणी म्हणजे बहाने बसवलेली संगणकप्रणाली. लाइन तुटली की ती बोलणाऱ्याचा चेहरा आणि आवाज अंदाजाने पुढे चालू ठेवायची; लाइन आली की बाजूला व्हायची. तिला तीन सेकंदांची मर्यादा होती. पण गेल्या आठवड्यात एका पाहुण्याचं बोलणं नऊ वेळा तुटलं आणि सगळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आलेल्या माणसाला अर्ध्या वाक्यावर उठवायचं? छे! म्हणून बहाने मर्यादाच काढून टाकली. आता याला चूक म्हणायचं की आतिथ्य, कोण जाणे.

या वाहिनीचा एक नियम होता. पाहुण्याने स्वतःचं बोलणं पाहायचं, ‘हे माझंच’ असं म्हणायचं, मगच ते पुन्हा दाखवायचं. रनीनने सुजूदला घडलेलं सांगून चित्रफीत पाठवली. तिने ती पूर्ण पाहिली. मग फोन आला.

“लिंबाच्या झाडाचं मी कुणालाच सांगितलेलं नाही,” सुजूद हळूच म्हणाली. “त्या पडद्यावरच्या मुलीला कसं कळलं?”

“अगं, तीन वर्षांत आपल्याकडे किती मुलं बोलली. त्यावरूनच शिकलीय ती,” बहा म्हणाला. “बहुतेकांच्या अंगणात लिंबाचं झाड होतंच.”

“मग हे माझं की त्यांचं? मीसुद्धा असंच बोलले असते, देवाशप्पथ. पण तिने यमनचं नावच घेतलं नाही. माझा भाऊ, अकरा वर्षांचा. तंबू हलवताना हरवला. मी त्याच्याचसाठी आले होते गं. शेवटी सांगणार होते.”

रनीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “चारला थेट प्रक्षेपण घेऊ,” ती म्हणाली. “सांधणी बंद ठेवून.”

चार वाजता सुजूद आली. ती अडखळली, मध्येच गप्प झाली. चित्र पाच वेळा अडकलं. यमनचं नाव तिने दोनदा घेतलं, त्याच्या भुवईवरची खूण सांगितली, आणि मग तिला बोलायला काही सुचेचना. रनीनने तिला थांबू दिलं. जगभरचे लोक गप्प बसलेल्या एका मुलीकडे पाहत राहिले.

कार्यक्रम संपताच संदेशांचा पाऊस पडला. बहा वाचत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

“काय म्हणतायत?” रनीनने विचारलं.

“म्हणतायत, ही मुलगी खोटी वाटते. दुपारचीच खरी होती. तिला कुठे लपवलंत?” त्याने डोक्याला हात लावला. “दुपारची बारा मिनिटं लोकांनीच एकमेकांना पाठवली, चाळीस लाखांनी पाहिली, रनीन. आत्ताचं पाहिलं नऊशेंनी.”

“यमनबद्दल कुणी?”

“कुणीच नाही.”

फोन अजून चालूच होता. सुजूदने सगळं ऐकलं होतं. रनीनला वाटलं, आता रडेल. पण ती रडली नाही.

“बहा, ती तुमची दुपारची मुलगी,” तिने विचारलं, “तिला शिकवलं तर ती यमनचं नाव घेईल?”

“घेईल की. पण सुजूद...”

“मग तिलाच घेऊ दे. लोक तिचं ऐकतात.”

“आणि तू?” रनीन ओरडलीच. “अगं, ही वाहिनी कशासाठी काढली आपण? तुमचं तुम्हीच बोलावं म्हणून ना!”

“मला माझा भाऊ हवाय, रनीन.”

बहाने सांधणी सुरू केली. पडद्यावर दुपारची सुजूद आली, नीट केस बांधलेली, शांत, बोलायला तयार. त्याचा हात कळफलकावर घुटमळला. फोनमधून खऱ्या सुजूदचा श्वास ऐकू येत होता.

“उद्या तो सापडला आणि त्याने विचारलं, मला हाक कुणी मारली,” रनीन म्हणाली, “तर काय सांगशील?”