केवळबुवांची गोधडी

रविवारी सकाळी सव्वासहाला गोखिवऱ्याच्या फ्लॅटमधला फोन वाजला आणि लतिका राऊतची आठवड्यातली एकुलती एक निवांत झोप मोडली. पलीकडे जयवंती होती. लतिकाची मावसबहीण, वटारच्या मठात पंचवीस वर्षं सेवेला असलेली.

"ताई, गोधडी गेली," जयवंती म्हणाली. "उद्या दहाला मला सुई घ्यायची आहे आणि गोधडीच नाही. किल्ली माझ्याकडे असते, म्हणून सगळे माझ्याकडेच बघतायत."

पोलिसांना कळवायला मठाचं मंडळ नको म्हणत होतं. लतिकाने चहासुद्धा घेतला नाही. विमा कंपनीत आगीचे आणि चोरीचे दावे तपासण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. पण हा दावा घरचा होता, आणि मुदत होती उद्या सकाळी दहाची. स्टेशनपर्यंत रिक्षा, तिथून वटारची एस.टी., असं करत ती आठ वाजता मठात पोचली.

मठ म्हणजे कौलारू खोली, पुढे ओटी आणि मागे बावखल. गोड्या पाण्याचं हे तळं केवळबुवांनी स्वतः खणलं होतं. खाडीकाठचा हा शेतकरी एक दिवस नांगर सोडून इथे येऊन बसला. येईल त्याला पाणी पाजायचं, भुकेल्याला पेज घालायची आणि संध्याकाळी भजन म्हणायचं, एवढाच त्याचा धर्म. अठराशे एक्क्याण्णव साली बुवा गेले. त्यांची बाज आणि तिच्यावरची गोधडी तेवढी मागे राहिली.

त्यांचं काम पुढे चालवणाऱ्याला गादी अशी नव्हतीच. होती ती सुई. नव्या माणसाने आपल्या अंगावरच्या वस्त्राचा तुकडा गोधडीला आतल्या बाजूने शिवायचा, की झाला तो बुवांचा वारस. हे काम बंद दाराआड चाले. आत शिवणारा आणि दिवा धरणारा, दोघंच. एरवी गोधडीची आतली बाजू कोणी उलटून पाहत नसे.

शेवटचे बुवा, शत्रुघ्नबुवा, तेरा दिवसांपूर्वी गेले होते. जाताना ते चार माणसांदेखत म्हणाले होते, "सुई जयवंती घेईल." आणि बाईने सुई घ्यावी का, या वादाला तिथूनच तोंड फुटलं होतं.

आतल्या खोलीत लतिका बराच वेळ नुसती उभी राहिली. चांदीच्या पादुका जागेवर होत्या. समई, घंटा, तांब्याची घागर, सगळं जिथल्या तिथे. कुलूप फोडलेलं नव्हतं. बाजेवर गोधडी नव्हती, तिच्या जागी एक पांढरं उपरणं चारी बाजूंनी नीट ताणून अंथरलेलं होतं.

"दुसरी किल्ली?"

"तुळशीवृंदावनामागे खिळ्याला. मठातल्या जुन्या माणसांना सगळ्यांना माहीत आहे." जयवंती म्हणाली. पहाटे पाच ते सहा ती वाडीत फुलं तोडत होती. सहाला दार उघडलं तर बाज अशी.

"हे उपरणं तू घातलंस?"

"नाही. कमळीमावशीने घातलं असेल. बाज उघडी ठेवायची नसते ना."

लतिकाने तो नियम नीट समजावून घेतला. गोधडी उचलण्याआधी बावखलात कोपरापर्यंत हात धुवायचे. ती जमिनीला टेकू द्यायची नाही. आणि जो उचलेल त्याने आपल्या अंगावरचं वस्त्र काढून बाजेवर घालायचं, म्हणजे बुवांची जागा उघडी पडत नाही. दसऱ्याला ऊन दाखवताना जयवंती आपली शाल घालत असे.

ओटीवर कमळीमावशी भाजी निवडत बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, मठातलं जुनं माणूस. लतिकाने विचारलं तसे तिचे हात थांबले.

"मी कशाला घालू? मला वाटलं जयूनं घातलं. मी आले तवा होतंच ते."

म्हणजे ते उपरणं चोराने घातलं होतं. चोरी करायला आलेला माणूस बाज उघडी ठेवून जाऊ शकला नव्हता.

"मावशी, या मठात कधी कोणी बाई सुई घेऊन बसली होती का हो?"

"आता कोन सांगनार बाय? मठाचा इतिहास लिवनारे शांताराम मास्तर म्हनतात नाही." कमळीमावशीने देठ बाजूला टाकला. "माजी आय सांगायची, मानमोडीच्या तापात मानसं पटापट मरत व्हती, तवा मठातली बाय घरोघर पेज न्यायची. बावखलातलं पानी न्यायची. कोन व्हती ती, देव जाने."

भूपेश नऊ वाजता मोटरसायकलवरून आला. शत्रुघ्नबुवांचा पुतण्या, वय पस्तीस, नालासोपाऱ्याला केबलचा धंदा, खिशाला दोन पेजर. त्याच्याबद्दल लतिकाच्या मनात सकाळपासून संशय होता, आणि तो बोलू लागल्यावर वाढलाच.

"गोधडी नाही तर सुई कशाला घेणार? उद्या मंडळ मत घेईल आणि संपला विषय," तो म्हणाला. "मंडळात माझे पाच जण आहेत, लपवत नाही मी. आजवर या जागेवर बाई बसलेली नाही. गुरुवारच्या मीटिंगमध्ये मास्तरांनीच सांगितलं, मठाच्या पुस्तिकेत लिहिलंय."

"पहाटे कुठे होतास?"

"घरी. झोपलो होतो. बायकोला विचारा."

बायकोची साक्ष म्हणजे काय, हे लतिकाला दाव्यांच्या अनुभवावरून ठाऊक होतं. तिने वेगळंच विचारलं. "बाजेवर ते काय घातलंय, कोणी घातलं?"

भूपेशने आत डोकावून पाहिलं. "चादर आहे ना? धुळीसाठी टाकली असेल कोणीतरी." आणि तो चपला घालूनच उंबऱ्यावर उभा राहिला. कमळीमावशी ओरडली तेव्हा मागे झाला.

बावखलाच्या पलीकडे फर्डिनंडची केळीची बाग होती. तो साडेपाचला चर्चमध्ये मिसाला निघतो, त्याचा रस्ता पाण्याच्या कडेने जातो. लतिकाने त्याला कुंपणापाशी गाठलं. हो, पहाटे कोणीतरी पायरीवर दिसलं होतं, पण पाठमोरं.

"काय करत होतं?"

"हात धूत होतं. चांगले कोपरापर्यंत. तुमची मठातली माणसं धुतातच, त्यात नवल काय? म्हणून मी काही बोललो नाही." फर्डिनंड जरा आठवून म्हणाला, "उठायला मात्र वेळ लागला त्याला. दोनदा गुडघ्यावर हात ठेवून उठला."

शांताराम मास्तर दहाच्या सुमाराला आले. अडुसष्ट वर्षांचे, शाळेतून निवृत्त, मंडळाचे चिटणीस. मठाचा इतिहास लिहिला तो त्यांनीच, आणि वर्षाच्या उत्सवात केवळबुवांपासून सगळ्यांची नावं घ्यायचा मानही त्यांचाच. लतिका शाळेत असताना त्यांनी तिला भूमिती शिकवली होती. जयवंतीवर आळ आल्याचं ऐकून त्यांचे डोळे भरून आले, आणि ते अश्रू खोटे नव्हते. लतिकाला खोटे अश्रू चांगले ओळखता येत. त्यांच्या खांद्यावरचं उपरणं कोरं होतं, दुकानातल्या घडीच्या रेघा तशाच उमटलेल्या.

"मास्तर, गोधडीची आतली बाजू पाहिलेलं कोणी हयात आहे का?"

"बावन्न साली शत्रुघ्नबुवांनी सुई घेतली, तेव्हाची गोष्ट ती," मास्तर म्हणाले. "कोण उरणार आता?"

तिने पुस्तिका मागितली. मास्तरांनी उद्या आणून देतो म्हटलं, तर ती म्हणाली, चला, मीच येते घरी. त्यांना नाही म्हणता आलं नाही. मठापासून चार घरं सोडून त्यांचं घर. बायको गेल्यापासून ते एकटेच असत. मास्तर कपाटात पुस्तिका शोधत होते तोवर लतिकाने खोली पाहून घेतली. पलंगावर स्वच्छ चादर ओढलेली होती, तिच्याखाली काहीतरी जाड. उशाला लामणदिवा तेवत होता, दिवसाउजेडी. आणि पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर चटई, चटईवर एक उशी.

गुडघे धरून चालणाऱ्या या माणसाने स्वतःचा पलंग सोडून जमिनीवर अंथरूण घातलं होतं. पुस्तिका घेऊन ती निघाली आणि बावखलाच्या पायरीवर बसून तिने ती शेवटपर्यंत वाचली. एकोणसत्तर साली छापलेली अठरा पानं. केवळबुवांनंतर हरीबुवा, एकोणीसशे तेरापर्यंत. मग धर्माबुवा, एकोणीसशे एकोणीस ते बावन्न. मग शत्रुघ्नबुवा. तेरा ते एकोणीस या वर्षांबद्दल एकच ओळ होती: मधल्या काळात भक्तमंडळींनी सेवा चालवली. ती ओळ तिने तीनदा वाचली. तिला वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता.

दुपारी चारला तिने सगळ्यांना ओटीवर बोलावलं. जयवंती, भूपेश, कमळीमावशी, मास्तर. फर्डिनंडही कुंपण ओलांडून येऊन टेकला.

"सकाळपासून सगळे विचारतायत, गोधडी गेल्याने फायदा कोणाचा?" लतिकाने सुरुवात केली. "भूपेशचा. मीही आधी तेच धरून चालले होते. पण चोराने पहाटे बावखलात कोपरापर्यंत हात धुतले. बाजेवर आपल्या अंगावरचं वस्त्र घातलं. भूपेशला ते वस्त्र धुळीसाठी टाकलेली चादर वाटली. त्याला हा नियमच माहीत नाही. आणि पायरीवरून उठायला त्याला गुडघ्यावर हात ठेवावा लागत नाही."

भूपेशने प्रथमच तिच्याकडे सरळ बघितलं.

"मग मी वेगळा प्रश्न विचारला. गोधडी नाहीशी होऊन कोणाचं भलं होतं, ते राहू द्या. ती उद्या उलटली तर कोणाचं नुकसान होतं? आत शिवणारीला आणि दिवा धरणाऱ्याला काय दिसलं असतं? पुस्तिकेत तीन वारस आहेत. तीन ठिगळं हवीत. पण मध्ये सहा वर्षं कोणीच नाही, आणि अठरा सालची मानमोडीची साथ त्यातच येते. त्या वर्षांत मठातली बाई घरोघर पेज नेत होती, असं कमळीमावशीच्या आईने पाहिलंय."

मास्तर खाली बघत होते.

"बावन्न साली आत दिवा कोणी धरला होता, मास्तर? तुम्ही म्हणालात कोण उरणार. नाही म्हणाला नाहीत. बावीस वर्षांचे होतात तुम्ही तेव्हा. कधीही पाहिलं तरी तुमच्या खांद्यावर जुनं उपरणं असायचं, आज कोरं आहे. जुनं आत बाजेवर आहे. आणि गोधडी तुमच्या पलंगावर आहे. जमिनीला टेकवायची नाही आणि तिच्या बरोबरीने झोपायचं नाही, म्हणून तुम्ही स्वतःसाठी खाली चटई घातलीत."

मास्तरांनी मान वर केली.

"ठिगळं चार आहेत," ते म्हणाले. "दुसरं लुगड्याचं आहे. निळ्या चौकड्याचं, काठासकट. शत्रुघ्नबुवांनी मला तेव्हाच सांगितलं, ही जानकीबाई. गास गावची, नवरा गेलेली. हरीबुवांनी तिला सुई दिली होती. मानमोडीत माणसं सांभाळता सांभाळता तीही गेली."

"मग पुस्तिकेत का नाही?" जयवंतीने विचारलं. तिचा आवाज अगदी हळू होता.

"मंडळातले सात जण म्हणाले, बाईचं नाव छापलं तर लोक हसतील. मी तेव्हा नवा चिटणीस होतो. गाळलं. शत्रुघ्नबुवांनी छापील पुस्तिका वाचली आणि एवढंच म्हणाले, मास्तर, एक नाव राहिलं. मी म्हणालो, पुढच्या आवृत्तीत घालू." मास्तरांनी डोळे पुसले. "पुढची आवृत्ती मी काढलीच नाही. गुरुवारी मला विचारलं, बाई कधी बसली होती का? एवढी वर्षं जे खोटं छापून ठेवलं होतं, तेच तोंडून आलं. उद्या तू गोधडी उलटली असतीस आणि सगळ्यांना कळलं असतं की मास्तर खोटं बोलतात. तुझं वाईट करायचं नव्हतं गं मला. मला माझंच तोंड वाचवायचं होतं. मी गेल्यावर माझ्या घरात गोधडी सापडली असतीच."

"तोपर्यंत मी चोर ठरले असते," जयवंती म्हणाली.

भूपेश उठला, या वेळी चपला न घालता ओटीच्या टोकाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. मग म्हणाला, मत घ्यायची गरज नाही, मंडळाला मी सांगतो. लतिकाला वाटलं, हा पोरगा अगदीच वाया गेलेला नाही.

सोमवारी दहाला सगळा गाव जमला. गोधडी मास्तरांच्या घरून कमळीमावशी आणि जयवंतीने हातांवर तोलत आणली. दार लावायची वेळ आली तेव्हा जयवंती थांबली. "आत नको," ती म्हणाली. "ओटीवर शिवते. सगळ्यांना दिसू दे. दिवा मास्तर धरतील."

मास्तरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग ते दिवा घेऊन पुढे आले. उन्हात त्या ज्योतीचा उजेड पडत नव्हता, तरी त्यांनी ती गोधडीजवळ नेली. जयवंतीने घडी उलटली आणि आतली बाजू पहिल्यांदा लोकांसमोर आली. निळ्या चौकड्या विटल्या होत्या, काठ मात्र अजून लाल होता. बायकांच्या रांगेत कुजबुज झाली आणि थांबली.

"नावं घ्या, मास्तर," जयवंती म्हणाली.

"केवळबुवा," मास्तर म्हणाले. "हरीबुवा." मग त्यांनी ज्योत निळ्या ठिगळाजवळ नेली. "जानकीबाई." त्यांचा आवाज तिथे फुटला, पण नाव शेवटच्या माणसापर्यंत पोचलं. "धर्माबुवा. शत्रुघ्नबुवा." मग त्यांनी सुई ओवणाऱ्या जयवंतीकडे पाहिलं आणि तिचंही नाव घेतलं.

जयवंतीने पदराचा तुकडा शिवला, दोरा दातांनी तोडला आणि गोधडी बाजेवर घालायला कमळीमावशीबरोबर आत गेली. आधी तिथलं उपरणं काढायला हवं होतं. मावशीच्या हातांवर गोधडी देऊन तिने ते उचललं, झटकलं, नीट घडी केली. मग गोधडी अंथरून ती बाहेर आली, मास्तरांच्या खांद्यावरचं कोरं उपरणं बाजूला घेतलं आणि त्यांचं जुनं त्यांच्या खांद्यावर ठेवलं.