साडेचार बोटं

“सापडला तेव्हा त्याच्या अंगात ऊब होती का?”

लेननं हे पहिल्यांदा विचारलं शेरीफच्या माणसाला. तो टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला. मग डॉक्टरला विचारलं. त्यानं लेनच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाणी मागवलं. मयतीचं काम बघणाऱ्याला विचारलं, तर तो शवपेटीच्या आतल्या कापडाबद्दल बोलू लागला. शेवटी लेननं चर्चच्या पायरीवर मला गाठलं. “ऑल्टनकाका, तुम्ही तरी सांगा.” आता मी काय सांगणार? मीसुद्धा खाली बघितलं.

कोडी, ती तुझी नवी दुर्बीण जरा बाजूला ठेव. डुकरं काही बाराच्या आत येत नाहीत. उकडलेल्या शेंगांचं भांडं इकडे सरकव, आणि ऐका. ही गोष्ट माझ्या शेजारच्या घरातली आहे. खोटं वाटलं तर शेल्बीला जाऊन विचारा. पण विचारू नका, तेच बरं.

हॉइट आणि लेन हे दोघे सख्खे भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा हॉइटनंच लेनला वाढवलं. हॉइट शांत. कुठलंही यंत्र आणलं की आधी त्याचं पुस्तक वाचायचा, ओळीखाली बोट धरून. उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती. लहानपणी पेरणीच्या यंत्रात गेलेली. लेन नेमका उलटा. शाळा आठवीत सोडलेली, डोकं गरम, आणि मनात आलं की झालंच पाहिजे.

त्या वर्षी भुईमूग पेरायला घेतला आणि रानडुकरांनी उच्छाद मांडला. तुम्हाला माहीत आहे ती कशी खातात. ओळीला तोंड लावतात आणि दाणा न् दाणा टिपत पार दुसऱ्या टोकाला निघतात. सकाळी बघावं तर नांगरटच. अंधारात अंगाच्या उबेवर जनावर दाखवणारी, रायफलवर बसवायची दुर्बीण हवीच होती. हॉइट म्हणाला, “शनिवारी जाऊ.” लेन म्हणाला, “शनिवारपर्यंत माती उरेल नुसती. आज नाही आणलीस तर मी बॅटरी घेऊन एकटाच बसतो रानात.”

“बसशील आणि स्वतःच्याच बुटात गोळी घालशील,” हॉइट हसला. “जातो बाबा. आजच जातो.”

मे महिन्याची नऊ तारीख, गुरुवार. टिफ्टनच्या दुकानातून त्यानं सगळ्यात स्वस्तातली दुर्बीण घेतली. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन केला, “निघालो रे.” लेन साडेदहापर्यंत वाट बघत बसला. मग चिडला आणि बूट न काढताच झोपून गेला.

आपल्या वळणावरच्या पाइनच्या झाडाला पिकअप धडकली होती. रस्त्यात एक डुक्कर मरून पडलं होतं. काळ्या डांबरावर काळं जनावर, दिसणार कसं? हॉइट गाडीतून बाहेर आला होता. झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसला होता. पहाटे पावणेपाचला दुधाच्या गाडीवाल्यानं त्याला पाहिलं. झाडापासून लेनच्या खाटेपर्यंत पाऊण मैलसुद्धा नाही.

आता कळलं, तो प्रश्न का विचारत होता?

दुर्बिणीचा खोका मात्र सीटवर शाबूत होता.

दफनानंतर आम्ही शेजारी आपापली यंत्रं घेऊन गेलो आणि उरलेली पेरणी एका दिवसात उरकली. शेल्बी, म्हणजे हॉइटची बायको, आठ महिन्यांच्या टेसाला कडेवर घेऊन बांधावर उभी होती. ती म्हणाली, “लेन, एवढं पीक वाचव. पुढचं पुढे बघू.” लेननं मान हलवली. त्या सगळ्या दिवसांत तो तेवढाच हलला होता.

एकोणीस मे, रविवार. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर रायफल ठेवली आणि खोका फोडला. दुर्बीण चालू केली तर पडद्यावर सगळी चिनी अक्षरं.

“घ्या,” लेन म्हणाला. “हॉइट असता तर हेही बोट धरून वाचलं असतं.”

शेल्बी हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा. मग पदराआड तोंड लपवावं तसं तिनं टेसाच्या केसांत तोंड लपवलं. थोड्या वेळानं पुस्तक उचलून म्हणाली, “मी वाचते, तू कर. ‘दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू आळीपाळीने आवळावेत.’ आळीपाळीनं, लेन! ट्रॅक्टरचं चाक आहे का ते?”

“वहिनी, तू वाच. आवळणं माझं.”

“‘एकदा नेम जुळल्यावर दुर्बीण रायफलवरून काढू नये. काढल्यास नेम पुन्हा जुळवावा लागतो.’”

“काढतोय कोण?”

नेम जुळवायचा तर कागदावरचा काळा ठिपका चालत नाही. दुर्बिणीला फक्त ऊब दिसते. म्हणून हात शेकायच्या पुड्या लागतात, हिवाळ्यात आपण खिशात ठेवतो त्या. घरात हॉइटच्या जाकिटात एकच उरली होती. लेननं ती फोडून चोळली आणि पुठ्ठ्यावर चिकटवली. ओढ्याच्या उंच मातीच्या दरडीपुढे पुठ्ठा उभा केला. पन्नास पावलांवरून पाहिलं तर काळ्यात एक पांढरा चौकोन, जणू उघडी खिडकी. पहिली गोळी वीतभर डावीकडे गेली. त्यानं पडद्यावरची फुली सरकवली. तिसऱ्या गोळीला पुडीचा कोपरा फाटला. पाचवी बरोबर मधोमध. लेन स्वतःशीच म्हणाला, “बघ रे.” बाजूला कुणी नव्हतं.

दहा वाजून चाळीस मिनिटं. वारा नव्हता. स्वतःची पिकअप शेताच्या मधल्या वाटेवर उभी करून तो मागच्या हौद्यात बसला. ओढ्याकडून रायफल हळूहळू फिरवू लागला. ओढा. बांध. कोरी ओळ. बांध. पाइन...

वळणावरच्या त्या पाइनच्या बुंध्याशी काहीतरी पांढरं होतं.

डुक्कर आडवं असतं. हे उभट होतं. बसलेलं. पाय पसरून...

लेननं झटकन नळी आभाळाकडे केली. हॉइटनं त्याला एकच नियम मारून शिकवला होता. माणसावर नळी धरायची नाही. रिकामी असली तरी नाही.

त्यानं नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. अंधार. बॅटरीचा झोत टाकला. झाड. सोललेली साल. गवत. कुणी नाही.

आता सांगा, त्याला बघायचं तर काय करावं? पुन्हा नळी रोखायची? भावावर?

लेननं गोळ्या काढल्या. खिशातून स्क्रूची किल्ली काढली. एकेक स्क्रू सोडवला. आळीपाळीनं. जुळवलेला नेम गेला. दुर्बीण हातात घेतली आणि डोळ्याला लावली.

तो तिथंच होता.

लेननं फोन लावला. “वहिनी, मधल्या वाटेवर ये. काही विचारू नकोस.”

ती झोपलेल्या टेसाला गाडीत घालून आली. लेननं दुर्बीण तिच्या हातात दिली. तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “तू जा.”

“तू?”

“मी आले तर बघणार कोण? तिथं गेल्यावर दिसणार नाही तो. तू जा, लेन. मी सांगते.”

लेन फोन कानाला लावून निघाला. दीडशे पावलं. झाडापाशी पोचला. तिथं काहीच नव्हतं.

“डावीकडे,” फोनमध्ये शेल्बी म्हणाली. “आणखी. थांब... तू त्याच्या पायावर उभा आहेस.”

लेननं पाय मागे घेतला.

“बस आता. त्याच्या शेजारी.”

तो बसला. गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढे वाकला. गवत थंड होतं.

“लेन... त्यानं मान वळवली.”

“कुणाकडे?”

“तुझ्याकडे.”

मग लेननं त्यालाच विचारलं. जे आम्हा कुणालाच सांगता आलं नव्हतं ते. “किती वेळ होतास रे इथं? माझी वाट बघत होतास का?”

लेननं फोन कानावर दाबला.

“वहिनी, काय केलं त्यानं?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“थांब जरा.”

“वहिनी!”

“हात ठेवलाय. तुझ्या पाठीवर.”

लेनला काहीच लागलं नाही. ना वजन, ना ऊब. तो हलला नाही. तिकडे ओढ्याच्या अंगानं डुकरं शेतात उतरली. त्यांचं घुरघुरणं दोघांनाही ऐकू येत होतं. ओळी उकरल्या जात होत्या. लेन उठला नाही. शेल्बीनंही दुर्बीण फिरवली नाही.

“आता करडा झालाय,” ती म्हणाली.

मग, “पाय दिसत नाहीत.”

मग, “लेन, बोल त्याच्याशी. काहीतरी बोल.”

लेन म्हणाला, “मी बूट घालूनच झोपलो होतो रे. तू आलास की मला उठायचं होतं.”

एकाला दहा मिनिटं कमी असताना शेल्बी म्हणाली, “गेला.”

लेन परत निघाला. वाटेत त्यानं एकदा मागे वळून झाडाकडे पाहिलं. त्याची पाठ पिकअपकडे झाली, तेव्हा फोनमध्ये शेल्बी म्हणाली, “थांब. तसाच उभा राहा.”

भिंतीवर हात टेकवा आणि दुर्बिणीतून बघा. पंजा उमटलेला दिसतो, अर्ध्या मिनिटात विरतो. कोडी, तूही करून पाहिलं असशील. लेनच्या सदऱ्यावर, दोन खांद्यांच्या मधे, पंजा होता. पांढराशुभ्र. तो विरत नव्हता. बोटं होती साडेचार.

त्या रात्री चार ओळी गेल्या. दुर्बिणीचा नेम पुन्हा जुळवायला घरात पुडी नव्हती.

घरी पोचल्यावर तिनं टेसाला पाळण्यात ठेवलं. पोर पालथी झोपायची. लेन दारात उभा होता. त्यानं सदरा काढला. हात लावून पाहिला. थंडगार. तो हळूच लेकराच्या अंगावर घातला, आणि दुर्बीण शेल्बीच्या हातात दिली.

तिनं ती डोळ्याला लावली. मग लेनपुढे धरली.

त्यानं घेतली नाही. “पंजा नीट मधोमध आहे का, तेवढं सांग,” तो म्हणाला.

“जरासा वर.”

लेननं वाकून सदरा बोटभर वर सरकवला, आणि दिवा मालवला.