चौथा गडी का थांबला?

"पळ! दार बंद होतंय! सुरूबन, पळ ना!" यज्ञेश ओरडला.

पण 'सुरूबन १२' मध्येच पुतळ्यासारखा उभा! झोंबी त्याच्यावर तुटून पडले आणि डाव गेला. चौघेही आत आल्याशिवाय या गेममध्ये जिंकता येत नसे.

"रोजचंच याचं! काढा त्याला!" यज्ञेश म्हणाला. वैदेही आणि केरूनेही बटण दाबलं. तीन मतं. सुरूबन बाहेर!

मे महिन्याची सुट्टी होती. वैदेहीच्या पडवीत तिघांचे तीन मोबाइल. चौथा गडी कधी न पाहिलेला. आता नवा गडी मिळाला, पण पडलेल्याला उचलायला तो मागे फिरेना. सुरूबन नेहमी फिरायचा. आठवडाभर वैदेहीला चैन पडलं नाही. यज्ञेश इतरांच्या चुका दाखवायला डाव रेकॉर्ड करून ठेवायचा. तिने ते हेडफोन लावून ऐकले.

"अरे, इकडे या! आपल्या आरडाओरडीमागे काय आहे ऐका!"

थकलेली, बारीक हाक आली, "निशी, ये गो..." लगेच एक मुलगी म्हणाली, "आले आई!" आणि सुरूबन जागीच थांबला. अकरा डाव, अकरा हाका.

"ही तर मुलगी!" केरू उडालाच. "आणि सुरूबन म्हणजे भाट्याच्या किनाऱ्यावरचं सुरूच्या झाडांचं बन. चला!"

सायकली पूल ओलांडून भाट्याला पोचल्या. दुकानदाराने घर दाखवलं. "हळू जा रे. आई वारली निशीची. चार दिवस झाले."

"परत जाऊया," यज्ञेश पुटपुटला.

"नाही. माफी मागायची," वैदेही म्हणाली.

मुंबईहून आलेले निशीचे बाबा भिंतीला टेकून बसले होते. निशिगंधा दूर कोपऱ्यात. "आम्ही हिच्याबरोबर गेम खेळायचो," वैदेहीने सांगितलं.

"आले गेमवाले!" निशीची सगुणाआत्या कडाडली. "आई कण्हत होती नि ही फोनमध्ये! दोनदा बघितलं मी डोळ्यांनी!"

बाबांनी लेकीकडे पाहिलंही नाही.

वैदेही पुढे झाली. "आत्या, तुम्ही दोनदा बघितलंत. आमच्याकडे अकरा वेळचं आहे."

तिने मोबाइलवर ते रेकॉर्डिंग लावलं. "निशी, ये गो..." बाबा ताठ झाले. "आले आई!"

"प्रत्येक हाकेला ती खेळ सोडून उठली, काका. म्हणून आम्ही तिला काढून टाकलं."

"'काढा' असं मीच आधी म्हटलं," यज्ञेश रडत म्हणाला.

आत्याने तोंडाला पदर लावला.

"बरं केलंत आलात ते, पोरांनो," बाबा म्हणाले. "शहाणी पोरं. मला हे कोणी सांगितलं नसतं."

तिघांनाही मान वर करवेना.

"माफ कर गो," वैदेही म्हणाली.

"तुमचा आरडाओरडा आईला आवडायचा," निशिगंधा हळूच म्हणाली. "घरात पोरं आल्यासारखं वाटतं, म्हणायची. मग तो बंद झाला. तीन दिवस विचारत होती, पोरं कुठं गेली?"

बाबा वैदेहीकडे वळले.

"पुन्हा लाव, बाळा," बाबा म्हणाले.

हाक आली, तशी निशिगंधा सवयीने उठायला गेली. बाबांनी हात धरून तिला जवळ बसवलं.