शेवटच्या फरशीचा नियम

तेजलने डब्यातली लिंबाची फोड काढली आणि समोरच्या शहाबादी फरशीवर पिळली.

पालघर-बोईसर रस्त्यावरचं फरश्यांचं दुकान होतं ते. दुकान कसलं, पत्र्याची शेड आणि मागे उन्हात उभे करून ठेवलेले दगड. शेडमधून एक जण हात पुसत बाहेर आला आणि जागीच थबकला.

"फरशीची दृष्ट काढताय?"

तेजलने मान वर केली नाही. रसाच्या कडेने बारीक बुडबुडे उठत होते, ते ती डोळे बारीक करून बघत होती. "फेस येतोय. चुन्याचा दगड आहे. अंगणात आंबट सांडलं की डाग पडणार."

"तुमच्या अंगणात लिंबू पिळत कोण बसणार हाय?"

तेजलने फोड परत डब्यात टाकली. तारापूरच्या एका औषध कंपनीत ती लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर तपासायचं आणि शेरा मारायचा, ही सवय घरीदारी कुठेच सुटत नव्हती. आता मान वर केली तर समोर हा, भुवईवर दगडाची धूळ आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू...

"अंगण आईसाठी आहे," ती जरा घाईने म्हणाली. "पालघरजवळच्या माहीमला. सिमेंटचा कोबा आहे, त्याला शेवाळ धरतं. मागच्या श्रावणात आई घसरली, मनगट मोडलं. आणि तिला जवळ्याची मासळी तिथेच सुकवायची असते."

त्याचं हसू मावळलं. त्याने बादली भरून आणली आणि तीन फरश्या आडव्या टाकून त्यांच्यावर ओतली.

"कोरडा दगड सगळ्यांशीच गोड बोलतो. ओला झाला की खरं काय ते कळतं. चपला काढा न् उभ्या ऱ्हावा."

पहिली फरशी पॉलिशची. तेजलचा पाय सर्रकन सरकला. त्याचा हात पुढे आला आणि तिला न लागता हवेतच थांबला. दुसरी काळ्या दगडाची. पाणी पडूनही ती अशी तापलेली होती, की तेजलने उडीच मारली. तिसरी तीच शहाबादी, खडबडीत. तिच्यावर तळवे घट्ट बसले, आणि गारही वाटलं.

"हीच," ती म्हणाली.

"हिला तर फेस आला होता."

"आईला सांगेन, अंगणात चिंच खाऊ नको."

तो मोठ्याने हसला. विपुल त्याचं नाव. जवळच सरावलीला राहायचा, दगड विकायचाही आणि बसवायचाही. तेजल चपला घालून रस्त्याला लागली तरी तळव्यांना तो गारवा जाणवत होता.

एक गोष्ट तिने दुकानात सांगितली नव्हती. कंपनीचा नवा प्लांट गुजरातेत दहेजला उभा राहिला होता आणि तिथल्या लॅबची प्रमुख म्हणून तिची निवड झाली होती. एक एप्रिलला हजर व्हायचं. तिने हो म्हटलं होतं, कारण तिला ते हवंच होतं. पण हो म्हटल्यापासून जीव थाऱ्यावर नव्हता. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली होती. आता घरात आई एकटी. आपण नसताना आईचा पाय धरून ठेवील असं काहीतरी मागे ठेवून जायचं, एवढंच तिने मनाशी घेतलं होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात विपुल आणि एकनाथदादा नावाचा जुना गवंडी माहीमला आले. कोबा फुटला. मुरूम टाकून चोपला. पण त्याआधी विपुलने अंगणात एक कळशी ओतली आणि उकिडवा बसून बघत राहिला.

"पोरा, झाडांना घाल की ते पाणी," तेजलची आई गोदूबाई म्हणाली.

"काकी, पाण्याला कुठं जायचंय ते आदी बघायचं. उतार तिकडंच द्यायचा. पाण्याला अडवलं तर ते फरशीखाली शिरतं."

आईने चहा दिला तेव्हा त्याने आणखी एक सांगितलं. अंगणाची शेवटची फरशी घरच्या माणसाने वर उभं राहून पायाने बसवायची. परक्याचा पाय तिला लावायचा नाही. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर हा नियम पाळला होता.

तेजलची शिफ्ट चारला सुटायची. पूर्वी ती मैत्रिणींबरोबर चहा घेऊन रमतगमत यायची. आता तिच्या पायाला भिंगरी लागली होती. घरी यायचं, पर्स टाकायची आणि सरळ फरश्यांवर वाकायचं.

"ही जरा वर आहे."

विपुलने लेव्हलपट्टी ठेवली. बुडबुडा केसभर सरकला. "तुमच्या डोळ्यातच लेव्हल बसवलीय का?"

"कामच आहे माझं ते."

"मग माज्याकडे बघून सांगा. काय कमी-जास्त हाय?"

तिने बघितलं... आणि बघायला नको होतं असं वाटेपर्यंत बघितलं.

"केसात सिमेंट आहे," ती म्हणाली आणि घरात पळाली. आत जाऊन तिने पाण्याचा तांब्या घेतला, तो तसाच खाली ठेवला, आणि आपण आत कशाला आलो तेच तिला आठवेना.

ओळीमागून ओळ बसत होती. आईला जागा मिळत होती आणि तेजल उरलेल्या ओळी मोजत होती. अंगण संपलं की हाही जाणार. मग एक तारीख. सांगावं का त्याला? पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं... त्याने तरी कुठे काही विचारलं होतं?

शेवटी सांगितलं ते आईने, आणि तेही चहात साखर ढवळता ढवळता. "लवकर उरका रे पोरांनू. पयल्या तारखेला तेजल दहेजला चालली, साहेबीण होऊन."

विपुलची रबरी हातोडी वरच थांबली. संध्याकाळी तेजल आली तेव्हा त्याने फरशीवरची नजर न काढता विचारलं, "जायचंय तुमाला?"

"हो. म्हणजे... हवं होतं मला ते."

"मग चांगलंच हाय की," तो म्हणाला आणि हातोडी अशी हाणली की फरशीच्या दोन फाका झाल्या.

त्यानंतर तो कामापुरतं बोलू लागला. चार दिवसांत अंगण भरलं. उंबऱ्यासमोरची एक फरशी तेवढी राहिली, ती रविवारी बसवायची ठरली.

रविवारी सकाळी तेजल दारात आली आणि बघतच राहिली. उंबऱ्याकडच्या तीन ओळींवर पांढरी पूड फुलून आली होती. ती बोटावर घेऊन "लॅबमध्ये न्यायला हवी" असं ती म्हणते आहे, तोवर आईने पूड जिभेवर टेकवलीही.

"मीठ हाय."

आणि मग आईचा चेहरा उतरला. गुरुवारी रेती कमी पडली होती. विपुल ट्रक बघायला गेला होता. तेजल जायच्या आत काम व्हावं म्हणून आपणच एकनाथला घरामागच्या होडीजवळचा ढीग दाखवला, असं तिने सांगून टाकलं. तो ढीग किनाऱ्यावरच्या रेतीचा होता. "माजीच चूक. जन्म दर्यावर गेला न् एवढं कळू नये."

विपुल फाटकात उभा होता. सगळं त्याने ऐकलं होतं. गप्प बसला असता तर कोणाला कळलंही नसतं.

"नाय काकी," तो म्हणाला. "मी आलो तेव्हा रेतीत शिंपल्यांचे तुकडे दिसले होते मला. खाऱ्या रेतीवर फरशी टिकत नाय, हे मला कळत नाय का? कळून वर फरश्या मांडल्या."

"का?" तेजलने विचारलं.

त्याने तिच्याकडे बघितलं. "परत उचलायला लागणार, हे ठाऊक होतं. तेवढेच आठ दिवस जास्त..."

एकनाथदादा उगाच थापी पुसत राहिला. तेजलला हे वाक्य ऐकायचं होतं, किती दिवसांपासून ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर तिला संताप आला.

"माझ्या आईचा पाय घसरू नये म्हणून हे अंगण आहे. तुम्ही त्याच्याशी खेळलात."

"चुकलं. बापाचं नाव घालवलं मी. उद्यापासून उचलतो."

तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पण चारला शिफ्ट सुटली की धावत येणं काही थांबलं नाही. तो एकेक फरशी उचलून गोड्या पाण्याने धूत होता आणि ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. एकच मूठ, पुन्हा पुन्हा. राग खरा होता. पण आठ दिवसांसाठी इतकं केलं कोणी, हेही खरं होतं. दोन्ही एकदम मनात मावेनात, तेव्हा चौथ्या दिवशी तिने ताट खाली ठेवलं. नव्या रेतीची चिमूट उचलली आणि जिभेवर टेकवली.

"गोडी आहे," ती म्हणाली.

विपुलने हात थांबवला.

"आठ दिवस चोरायची काय गरज होती? मागितले असते तर दिले असते."

"आता... मागू?"

"माग."

'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिचं तिलाही कळलं नाही. विपुलने हातातल्या फरशीची कड चाचपली. "जाऊ नको, असं नाय म्हणणार मी. उलटा उतार दिलेलं अंगण टिकत नाय. तू जा. पण शनिवारी गाडीतून उतरशील ना, तेव्हा पालघर स्टेशनवर मी उभा असलो तर चालेल?"

"कुठल्या शनिवारी?"

"सगळ्याच."

तेजलच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही. "चालेल," ती म्हणाली.

तीस तारखेला शेवटची फरशी उंबऱ्यासमोर मांडली. तेजल अनवाणी तिच्यावर चढली. फरशी एका कोपऱ्यावर डुगडुगली. तिने पाय दाबला, तरी डुगडुगलीच.

"एकटीच्या वजनानं बसायची नाय ती," दारातून आई म्हणाली. "विपुल, तू पण चढ."

विपुल गोरामोरा झाला. "काकी, घरच्या माणसानंच..."

"नियम मला ठाऊक हाय," गोदूबाई म्हणाली. "चपला काढ न् चढ."

त्याने चपला काढल्या. एवढ्याशा फरशीवर दोघांचे चार पाय मावताना तिला त्याचा हात धरावाच लागला, आणि या वेळी तो हवेत थांबला नाही. खाली रेती दबली. फरशी जागेवर बसली.

आईने एक कळशी ओतली. पाणी दोघांच्या पायांवरून सरळ माडाच्या आळ्यात गेलं. मग तिने जवळ्याचं सूप उचललं आणि म्हणाली, "आता उतरा दोघं. मला जवळा घालायचाय."