एक्केचाळीस पानांवरची सही

या, असे जवळ सरका. दिवसभराचे दमलेले दिसताय. पाय पसरून बसा, कुणी काही म्हणणार नाही. दोन दमलेल्या जिवांची गोष्ट आहे बरं का! आणि देवाने त्यांची गाठ घालावी तरी कुठे? तर कम्प्युटरवरच्या गुन्ह्यांची तक्रार जिथे लिहून घेतात, त्या कचेरीबाहेरच्या बाकावर!

ती लॅबमध्ये रक्त काढणारी. सकाळपासून साठ जणांचे दंड धरून तशीच आलेली. शेजारी येऊन टेकला तो लिफ्ट दुरुस्त करणारा. बोटांना ग्रीस, मांडीवर कागदांची पिशवी. त्याने सहज मान वळवली... आणि पाहतच राहिला.

"काय हो, ओळख आहे का आपली?" तिने भुवई चढवली.

"आहे. म्हणजे— नाही. म्हणजे... आठ महिने रोज बोलतोय आपण."

"मी? मला आईशी बोलायला फुरसत नाही!"

त्याने पिशवीतून त्या रोजच्या बोलण्याचा छापलेला एक कागद काढला. वर तिचा फोटो, खाली भलतंच नाव. इंटरनेटवरच्या ह्याच खोट्या खात्याची तक्रार करायला तर ती आली होती! कुणीतरी तिचे फोटो चोरून, तिच्या चेहऱ्याआडून पुरुषांना भुलवत होतं; भावाचं ऑपरेशन सांगून पैसे उकळत होतं. त्यातला एक जण थेट लॅबमध्ये येऊन तमाशा करून गेला. मालकाने बजावलं, "खातं तुमचं नाही असं पोलिसांचं पत्र शनिवारपर्यंत आणा, नाहीतर येऊ नका." घरी आईची औषधं तिच्याच पगारावर. आज गुरुवार. बाकावरच तिने हे सगळं त्याला सांगून टाकलं; तोही त्याच खात्याने फसवलेला.

आत तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदारबाई होत्या. निवृत्तीला आलेल्या, सगळे त्यांना मावशीच म्हणत. त्यांनी त्याचे कागद चाळले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय रे? मधे मधे कोरं?"

"मी जे लिहिलं होतं ना... ते तेवढं काढलंय. समोरून आलेलं सगळं ठेवलंय."

"मोठा शहाणा! दुसऱ्याचं रूप घेऊन कम्प्युटरवरून फसवणं हा गुन्हा आहे, तुरुंग आहे त्याला. पण असा कातरलेला पुरावा कोर्टात उभा राहायचा नाही. फोनमध्ये आहे तसं अख्खं पाहिजे. 'हे माझ्याच फोनमधलं, एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही,' अशी तुझी सही पाहिजे. आणि दर पानावर फोटो आहे, तिथे 'चेहरा माझा, खातं माझं नाही,' म्हणून हिची. मगच हिच्या हातात पत्र पडेल."

"म्हणजे ह्या... वाचणार?"

"डोळे मिटून सही करता येत असेल, तर नाही वाचणार."

तो कानापर्यंत लाल झाला. उठला, दारापर्यंत गेला. तिने हाक मारली नाही. हाक मारायलाही अंगात त्राण लागतं हो! तोच दारातून वळला.

"बाहेर शनिवारचं म्हणालात... ते खरंय?"

तिने नुसती मान हलवली. त्याने फोन टेबलावर ठेवला. "घ्या मावशी. अख्खं घ्या."

एक्केचाळीस पानं निघाली. ती एकेक वाचत सही करू लागली; तो भिंतीकडे तोंड करून बसला.

"'तुझा आवाज ऐकवलास तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबवून ऐकत बसेन...' अहो, आतल्या लोकांचं काय?"

"रिकामी लिफ्ट हो!" भिंतीकडूनच उत्तर आलं.

किती दिवसांनी हसली ती! मग पुढचं पान आलं. फोटोत ती लॅबमध्ये, हातात रक्ताच्या नळ्या, चेहऱ्यावर हसू. खाली त्याने लिहिलं होतं: 'हसतेस खरी, पण सगळा भार एकाच पायावर टाकून उभी आहेस. दिवसभर तुला कुणी बसायला देत नाही का गं?'

त्यावर त्या चोराचं उत्तर: 'हाहा, काहीही!'

तिचं पेन थांबलं. आई, मालक, रांगेतले पेशंट... लॅबमधल्या सहा वर्षांत कुणाला दिसलं नव्हतं ते.

"काय झालं?" तो वळला. "हा फोटो तुमचा नाही का?"

"फोटो माझाच आहे. उत्तर माझं नाही."

"मग... तुमचं काय असतं?"

"नाही देत हो." तिने पानावर सही केली. "कुणीच देत नाही."

मावशी उगाचच कपाटात फाईल शोधायला वळल्या.

संध्याकाळी, खातं तिचं नाही अशी तक्रार नोंदवल्याचं पत्र तिच्या हाती पडलं. जिन्यात तो अडखळला. "आठ महिने भलत्याच कुणाशी बोलत होतो मी. पण बघत मात्र... तुमच्याकडेच होतो. आता तुम्हाला लिहिलं तर चालेल?"

"नाही."

त्याचा चेहरा पडला.

"लिहायचं नाही. समोर बसून बोलायचं. आणि मला उत्तर द्यायला वेळ लागेल... फार दमलेली असते मी."

"लागू दे," तो म्हणाला. "मला कुठे जायचंय?"

आणि दोघं हळूहळू, एकेक पायरी उतरत गेली.

मंडळी, त्या खात्याने अकरा जणांना फसवलं होतं. सही करायला एकटाच आला. बाकीचे दहा, तो तमाशा करून गेलेलासुद्धा, लाजेने गप्प आहेत. गुन्हा दुसऱ्याचा, आणि तोंड हे लपवताहेत. आज देवापुढे हात जोडाल ना, तेव्हा त्या दहा जणांची आठवण ठेवा.