न थुंकलेला घोट

"मॅडम, विषाचं नाव कळवा, नाहीतर पेशंट हातचा जाईल!" शिरूरहून डॉक्टर फोनवर ओरडले. लॅबचा रिपोर्ट यायला उद्या उजाडणार होता. ज्योतिबा आबांकडे तेवढा वेळ नव्हता.

कवठे येमाई गावाजवळच्या डोंगरावरच्या वायनरीत फौजदार धनश्री उभी होती. डोंगर आबांचा, द्राक्षंही त्यांनीच पिकवलेली. वायनरी मात्र रविराजची, करारानं घेतलेल्या जागेवर. पुण्याच्या पाहुण्यांबरोबर वाइन चाखताना आबा कोसळले होते. पुतण्यानं त्यांना दवाखान्यात नेलं. आबांच्या बायको गीताबाई मात्र हटल्या नाहीत. "इष हितं घातलंय, मंग त्याचं नावबी हितंच घावंल," त्यांचं एकच पालुपद.

"सगळ्यांनी एकाच बाटलीतली घेतली?" धनश्रीनं विचारलं.

"व्हय मॅडम, मीपण घेतली," रविराज म्हणाला. "नेहमीसारखीच, गोडसर. आबांचं हार्ट असंल."

पाहुणी माया कोपऱ्यात चुळा भरत होती. "आम्हा सगळ्यांच्या जिभा अजून बधिर आहेत. बरं झालं थुंकले. मागच्या खेपेला आम्ही खुशाल प्यायलो होतो. आज रविराजनीच बजावलं, चाखा आणि बादलीत थुंका."

"आबाही थुंकले?"

"न्हाई ओ," गीताबाई म्हणाल्या. "ह्यांनी कवाच थुकली न्हाई. आपल्याच मळ्याचं पीक थुकायचं कसं, म्हंत्यात."

"कुणाशी वैर?"

"कुनाशीबी न्हाई. सकाळी ह्यांनी रविराजला तेवढं सांगितलं, करार संपला, औंदा डोंगर मेंढरांना मोकळा करनार."

धनश्रीचं डोकं सणकलं.

"विष बाटलीतच होतं, रविराज. एकच बाटली फिरवलीस, म्हणजे संशय नको. पाहुण्यांना थुंकायला लावलंस. आबा गिळणार, हे तुला पक्कं ठाऊक होतं. आणि तू? सगळ्यांच्या जिभा बधिर आणि तुला तेवढी गोड लागली? तू चाखलीच नाहीस." नमुना काढून उरलेली बाटली तिनं पुढे सरकवली. "खोटं असेल, तर घे घोटभर."

रविराज मागे सरकला. हात काही पुढे येईना.

गीताबाईंनी त्याचे पायच धरले. बघवत नव्हतं ते. "डोंगर घे रं बाबा! मेंढरं इकते मी. पन कंचं औषध घातलंस, तेवढं सांग!"

दगडालाही पाझर फुटला असता. यानं पाय सोडवून घेतले.

"आबा गेले तर खून," धनश्री म्हणाली. "वाचले तर खुनाचा प्रयत्न. ठरव लवकर."

स्वतःच्या मानेचा प्रश्न आला, तेव्हा कुठे त्याचं तोंड उघडलं. द्राक्षांवर फवारायच्या एका औषधाचं नाव त्यानं पुटपुटलं. धनश्रीनं ते फोनवर सांगितलं आणि सगळे वाट बघत बसले.

बऱ्याच वेळानं डॉक्टरांचा फोन आला. "इंजेक्शन लागू पडलं. वाचतील."

गीताबाई उठल्या. बेड्या घातलेल्या रविराजसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आता न्हाई मिळायचा डोंगर," त्या म्हणाल्या, आणि मग ढसाढसा रडल्या.